टक्केटोणपे

शाळेच्या समितीचं इतिवृत्त मी लिहितो.
अकरा वर्षं झाली. काळी शाई, डावीकडे समास,
बोललेल्यातलं निम्मं गाळून.

त्या मंगळवारी विषय एकच होता :
भूगोलाच्या नेल्दा ओयार्सो यांची
चाळीस सेकंदांची चित्रफीत.
तीत त्या परदेशातून आलेल्या मुलांबद्दल
जे बोलतात, ते लिहिताना मी टिंबं दिली.
बाई म्हणाल्या, ही मी नाही.
एवढंच. मग पाणी मागितलं.

बाहेर पुंता अरेनासचा वारा
पत्र्यांना धरून हलवत होता. अशा दिवशी इथे
चौकाचौकांत दोर बांधतात, माणसं धरून चालतात.
आम्हालाही दोर हवा होता.
मुख्याध्यापक मिमिका म्हणाले,
माणूस माणसाची बाजू घेतो, यंत्र कुणाचीच घेत नाही.
बॉयलरच्या दुरुस्तीला ठेवलेल्या पैशातून
महिना एकोणतीस डॉलर. ठराव एकमताने मंजूर.

फीत चढवली. एक निळं चाक फिरलं.
ब्याण्णव टक्के बनावट.
कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. बाईंनी डोळे मिटले,
परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखे.

पुढच्या सोमवारी पालक प्रतिनिधी ग्लादिसबाईंनी
तीच फीत, आपल्या फोनवर आलेली, पुन्हा चढवली.
अडतीस.
मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर चार मिनिटांत आलं :
प्रणाली सुधारली आहे, आपल्या विश्वासाबद्दल आभार,
निकाल केवळ मार्गदर्शनासाठी.
केवळ मार्गदर्शनासाठी, हे इतकं बारीक होतं
की चष्मा पुसून वाचावं लागलं.

तिसऱ्या बैठकीत दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणलं, महाग.
ते म्हणालं, सांगता येत नाही.
त्यातल्या त्यात ते मला प्रामाणिक वाटलं,
पण त्याचेही पैसे गेलेच.
बाई तळ्यात, बाई मळ्यात,
आणि आम्ही सगळे पडद्याकडे तोंड करून.
बाईंकडे कुणी बघतच नव्हतं.

आता जे इतिवृत्तात नाही ते.

त्या रात्री शाळेत एकटा थांबलो.
परवलीचा शब्द माझ्याकडेच होता.
माझ्या आयलेनच्या सातव्या वाढदिवसाची फीत चढवली,
मी स्वतः काढलेली, माझाच अंगठा कोपऱ्यात आलेला.
ती मेणबत्ती फुंकते, विझत नाही, हसते,
पुढचे दोन दात नाहीत.
चाक फिरलं.
एकाहत्तर टक्के बनावट.

बराच वेळ मी ते दात नसलेलं हसू बघत राहिलो.
आणि खरं सांगतो, एका क्षणी
तिच्या हनुवटीपाशी मला काहीतरी खटकलं.
माझ्याच मुलीच्या. मीच काढलेल्या फितीत.
फोन उलटा ठेवला.

हे मी सकाळी सांगायला हवं होतं.
एक ओळ पुरली असती. नोंदवहीत जागा होती.
पण यंत्र मी सुचवलं होतं,
आणि पैसे बॉयलरचे होते,
आणि मुलं वर्गात कोट घालून बसत होती.

नेल्दाबाई मार्चमध्ये सामुद्रधुनीपलीकडे गेल्या,
पोर्वेनिरच्या लहानशा शाळेत.
धक्क्यावर मी नकाशांची गुंडाळी पोचवायला गेलो,
त्यांची स्वतःची होती, कपाटात राहिली होती.
त्या म्हणाल्या, तुमचं अक्षर छान आहे हो.
फक्त टिंबं जास्त.
बोट सुटली. वाऱ्याने नंतरचं ऐकू आलं नाही,
किंवा त्या नंतर काही बोलल्याच नाहीत.

टक्के यंत्राने दिले. टोणपे कुणी खाल्ले,
याला इतिवृत्तात रकाना नाही.

दर चौदा तारखेला एकोणतीस डॉलर आपोआप जातात.
वर्गणी बंद करायचं बटण मला अजून सापडलेलं नाही.
सापडेल. मी फार शोधलेलंही नाही.